शिफारस नाही

“तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” हे वाक्य चांद तांबोळी सरांनी आयुष्यात इतक्या वेळा ऐकलं होतं, की समोरच्याच्या भुवया वर चढायला लागल्या की ते मनात आकडे मोजायला घेत आणि तीनच्या आत वाक्य येऊन पडे. बोलणारा बहुधा कोथरूडचा असे आणि आपण फार मोठं बक्षीस दिलं अशा चेहऱ्यानं उभा राही. तांबोळ्यांच्या चार पिढ्या खडकीत गेल्या होत्या. पणजोबांचं बाजारात पानाचं दुकान होतं आणि गिऱ्हाइकाशी भांडायचं झालं तरी ते मराठीतूनच भांडत. पण हे कोथरूडला कोण सांगणार? सर एवढंच म्हणत, “आभारी आहे. तुमचंही वाईट नाही.” मग समोरच्याचा चेहरा जो काही व्हायचा, तो बघणं ही सरांच्या मोजक्या करमणुकींपैकी एक होती.

या शुद्धपणाची किंमत मात्र इतरांनी मोजली. तेहतीस वर्षं सरांनी मराठी शाळेत विज्ञान शिकवलं आणि विज्ञानाच्या पेपरात व्याकरणाचे गुण कापले. निवृत्त झाल्यावर लाल पेन खिशातच राहिलं, फक्त पोरांऐवजी दुकानातला माल हाती लागला. बिस्किटाच्या पुड्यावरचं, मच्छर मारायच्या अगरबत्तीवरचं, कुकरच्या माहितीपत्रकातलं मराठी वाचून ते दुकानात उभ्या उभ्या खवळत. “‘वाळलेल्या जागेत साठवण करावे’! हे मराठी आहे? हे मराठीचं प्रेत आहे.” शेवटी एका कंपनीनं वैतागून म्हटलं, मग तुम्हीच करून द्या. तेव्हापासून औषधांची, खाद्यपदार्थांची लेबलं मराठीत आणायचं काम सरांकडे येऊ लागलं.

घरात ऐकायला एक बायको होती, नसीमबानू. संध्याकाळचा चहा घेताना सर नवं लेबल तिला वाचून दाखवत. ती “हं” म्हणे आणि भाजी निवडत राही.

गेल्या हिवाळ्यात हडपसरच्या एका कंपनीकडून आनंद नावाचा तरुण आला. अंगात कंपनीचा टी-शर्ट, हातात लॅपटॉप आणि पिशवीत निळ्या रंगाच्या सहा बाटल्या. बाटलीवर उडी मारणारा लांडगा आणि तिरप्या अक्षरात नाव: झपाटा.

“सर, एनर्जी ड्रिंक आहे. प्रॉडक्ट मास सेगमेंटसाठी आहे, म्हणून फुल मराठी लेबल पाहिजे. टॅगलाइन, बेनिफिट्स, वॉर्निंग, सगळं.”

सरांनी चष्मा पुसला, बाटली उजेडात धरली आणि इंग्रजी लेबल वाचायला घेतलं. तेहतीस वर्षं उत्तरपत्रिका ज्या चेहऱ्यानं वाचल्या त्याच चेहऱ्यानं.

“साखर तीस ग्रॅम. म्हणजे सात चमचे. तुमच्या आईनं एका कपात सात चमचे साखर घातली तर तुम्ही तिला डॉक्टरकडे न्याल. इथे तिला तुम्ही ‘पॉवर’ म्हणता.” सरांनी बाटली फिरवली. “बी जीवनसत्त्वं, गरजेच्या दुप्पट. जास्तीची लघवीवाटे बाहेर पडतात. म्हणजे तुमची कंपनी गटाराला जीवनसत्त्वं पाजते. टॉरीन. ते शरीर स्वतःच बनवतं, त्याला तुमच्या लांडग्याची गरज नाही. आणि कॅफीन पंचाहत्तर मिलिग्रॅम. हे ऊर्जा देत नाही बरं का. दमलेल्या माणसाला दमल्याचं कळू देत नाही, एवढंच. गाडीतलं पेट्रोल संपत आलं की काटा फोडून टाकायचा, असा हा प्रकार.”

“सर, शुगर-फ्री व्हेरिएंट पण आहे.” आनंदनं घाईनं दुसरी बाटली पुढे केली.

सरांनी तीही वाचली आणि त्यांना मनापासून आनंद झाला. “ऊर्जा, पाच किलोकॅलरी. वा! ऊर्जा नसलेलं ऊर्जापेय. असा शोध लागायला हडपसरच लागतं.”

टॅगलाइन लिहायला त्यांनी साफ नकार दिला. फायदेही लिहिणार नाही म्हणाले, कारण नसलेल्या गोष्टीचं भाषांतर करता येत नाही. धोक्याची सूचना मात्र त्यांनी घेतली. निदान विष तरी व्याकरणशुद्ध असावं, असं त्यांचं म्हणणं होतं. नाव झपाटा आणि आत हे असलं. याला ‘झपाटलेला’ म्हणायला हवं होतं, असाही एक टोला त्यांनी जाता जाता मारून घेतला.

सूचनेला जागा बोटाएवढी होती. सरांनी आनंदला बसवून ठेवलं, दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘मुले, गर्भवती व स्तनदा माता आणि कॅफीन-संवेदनशील व्यक्ती यांच्यासाठी शिफारस केलेली नाही.’ मग जागा मोजली. एक शब्द जास्त होत होता. त्यांनी ‘केलेली’वर काट मारली. वाक्य बसलं. कसं घट्ट, नेमकं, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी ते मोठ्यानं वाचलं.

आनंदनं मान खाजवली. “सर, एक बोलू? रागावू नका. माझी आई गावाकडं असते. तिनं हे वाचलं ना, तर तिला कळायचं नाही. ‘अंगावर पाजणाऱ्या बायांनी पिऊ नये’ असं सरळच लिहिलं तर?”

“अंगावर पाजणाऱ्या!” सर खुर्चीत मागे रेलले. “ती बाटली आहे, गावची चावडी नव्हे. स्तनदा हा शासनाच्या कागदपत्रांतला शब्द आहे. भाषा वाचणाऱ्यानं वर चढून घ्यायची असते, आपण त्याच्या अंगणात जाऊन लोळायचं नसतं. तुमचं शिक्षण कुठल्या माध्यमात झालं?”

“मराठी, सर. जिल्हा परिषद.”

“वाटत नाही,” सर म्हणाले.

आनंदनं कागद उचलला आणि तो निघाला. दोन दिवसांनी मालकाचा स्वतःचा फोन आला. “सर, काय शुद्ध मराठी आहे हो तुमचं! हेच वाक्य फायनल.” सरांनी मोजायला सुरुवातही केली नव्हती. त्या संध्याकाळी त्यांनी ते वाक्य नसीमबानूला तीन वेळा ऐकवलं. ती “हं” म्हणाली.

उन्हाळा लागेपर्यंत सर झपाटा विसरूनही गेले. जग त्यांना विसरू देत नव्हतं, ही गोष्ट वेगळी. खडकी बाजारातल्या प्रत्येक टपरीवर निळ्या बाटल्यांच्या माळा लटकल्या. क्लासला जाणारी पोरं, रिक्षावाले, सकाळी जिममधून आणि संध्याकाळी कंपनीतून परतणारे, सगळ्यांच्या हातात लांडगा. सर त्यांच्याकडे बघून नाकपुडी फुगवत आणि पुढे जात. ज्यांना सात चमचे साखर दिसत नाही त्यांना अक्कल कोण दाखवणार, असं म्हणून ते मोकळे होत.

शेजारच्या खोलीत वर्षभरापूर्वी एक भाडेकरू जोडपं आलं होतं, हिंगोलीकडचं. बद्रीनाथ दापोडीच्या एका कारखान्यात कामाला होता. भाग्यश्री त्याची बायको, दहावी पास, वयानं अजून पोरच. ‘जेवायलोय’, ‘निघायलोय’ असली त्यांची बोली भिंतीपलीकडून कानावर पडली की सरांच्या कपाळावर आठी चढे. पण भाग्यश्रीला ते त्यातल्या त्यात सहन करत, त्याला कारण होतं. ती पोटुशी असताना कुणीतरी दिलेलं लाल रंगाचं टॉनिक पीत दारात बसली होती, तेव्हा सरांनी तिला फैलावर घेतलं होतं. “दहावी कशाला झालीस? लेबल वाचल्याशिवाय कुठलीही गोष्ट तोंडाला लावायची नाही. एकेक शब्द वाचायचा. कळलं?” तिनं मान हलवली. आणि पुढे खरंच ती वाचू लागली. पुडा असो, पाकीट असो, ती दारात बसून ओठ हलवत वाचताना दिसे. अख्ख्या इमारतीत सरांचं ऐकणारी ती एकटी होती.

तिला मुलगी झाली. बाराव्या दिवशी नाव ठेवलं कल्याणी. पहिले काही दिवस भिंतीपलीकडून काही ऐकू आलं नाही. मग रडणं सुरू झालं आणि थांबेचना. साधं भुकेचं रडणं नव्हे ते. तारस्वरात, चिरकं, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा सुरू. बाळ पाच आठवड्यांचं झालं तरी वजन हलेना. नसीमबानू रोज जाऊन येई आणि सांगे, “पोर दोन घोट ओढते अन् सोडून देते. झोप लागली की दचकून उठते. हात थरथरतात हो पोरीचे.” डॉक्टरांनी पोटदुखीचे थेंब दिले, त्यानं काही फरक पडला नाही.

“मोबाइल बघत बसत असतील दोघं,” सर म्हणाले. “असल्यांना मुलं व्हायलाच नकोत.”

नसीमबानूनं भाजीची परात बाजूला ठेवली. रागावली की ती दखनीत शिरायची. “बस करो जी,” ती म्हणाली. “हिंगोलीहून तिची सासू आलीये. म्हणते, हिच्या दुधातच दोष आहे. बाळाचं दूध तोडायचं, पावडर लावायची आणि बाळाला गावी देवऋषीकडे न्यायचं. भाग्यश्री रडून अर्धी झालीये. तुम्ही सर आहात ना? मग चला, चार शब्द सांगा. तुमचा शब्द ती मानते.”

विज्ञानासाठी सर उठले. देवऋषी म्हटल्यावर त्यांच्या वयातली नाही म्हटलं तरी दहा वर्षं कमी व्हायची. दुपारचे चार वाजले होते. बद्रीनाथ कामावर होता. खोलीत भाग्यश्री बाळाला मांडीवर घेऊन डोलत होती, डोळ्यांखाली काळं, गालांची हाडं वर आलेली. सासू कौशल्याबाई बाळाचे कपडे पिशवीत भरत होत्या.

“लेकराला झपाटलंय,” सर आत येताच त्या म्हणाल्या. “डोळ्याला डोळा लागंना. आमच्या गेनबा देवऋष्याकडं नेते उद्या. अन् हिचं दूध बंद. हिच्या अंगातच काहीतरी हाय.”

सरांनी खुर्ची ओढली आणि शिकवायला घेतलं. आईच्या दुधात काय काय असतं, ते तोडलं तर काय होतं, देवऋषी म्हणजे काय दर्जाचा माणूस असतो. चांगलं चाललं होतं. कौशल्याबाई बघत होत्या आणि भाग्यश्रीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच जरा धीर आला होता. तेवढ्यात बोलता बोलता सरांचं लक्ष खिडकीकडे गेलं. खिडकीच्या कट्ट्यावर धुऊन उपड्या घातलेल्या निळ्या बाटल्या ओळीनं वाळत होत्या. उडी मारणारे वीसेक लांडगे, डोकं खाली पाय वर.

“हे काय?” सरांची नाकपुडी फुगली. “बद्रीनाथ हा कचरा पितो? एवढ्या?”

“त्यांच्या न्हाईत सर, माझ्या हायेत,” भाग्यश्री म्हणाली. “दाळी भरायला ठेवल्या.”

“तुझ्या?”

“हो. बाळंतपणानंतर चक्कर यायची. दुकानवाला म्हणला, ताकदीचं हाय. आधी एकच घेत होते. पण ही झोपत न्हाई, मग मला झोप न्हाई. दमते म्हणून पिते. आता दिवसाला तीन लागायल्यात.”

सरांचा आवाज चढला. “अगं बाई! तुला मी काय सांगितलं होतं? लेबल वाचल्याशिवाय—”

“वाचलं की!” भाग्यश्री घाईनं म्हणाली, आणि तिच्या बोलण्यात थोडा अभिमानही होता. “एकेक शब्द वाचला. तुम्ही सांगितलं तसंच. म्हणून तर प्याले.” तिनं हात लांब करून एक बाटली घेतली आणि शाळेत धडा वाचावा तसं सावकाश वाचलं. “मुले, गर्भवती व स्तनदा माता... यांच्यासाठी शिफारस नाही.”

खोलीत बाळ चिरकलं. सरांना ते ऐकू आलं नाही.

“मग?” ते कसेबसे म्हणाले. “त्याचा अर्थ काय होतो?”

“म्हणजे लेकरांसाठी, गरोदर बाईसाठी अन् पाजणाऱ्या आईसाठी हाय ना. पुढचं ते कॅफीनचं न्हाई कळालं, पण आमचं नाव आधीच होतं. अंगणवाडीच्या पाकिटावर बी असंच असतंय, बालके, गरोदर व स्तनदा माता यांच्यासाठी. तो आहार आमच्यासाठीच असतोय की. अन् शिफारस न्हाई, म्हणजे चिठ्ठी लागत न्हाई. दवाखान्यात खाट पाहिजे होती तवा नगरसेवकाची शिफारस आणायला हे तीन चकरा मारून आले. याला तसलं काही लागत न्हाई, थेट घ्यायचं.” सरांच्या चेहऱ्याकडे बघून तिचा आवाज बारीक झाला. “चुकलं का काही, सर?”

तेहतीस वर्षं सरांनी पोरांच्या चुका तपासल्या होत्या. ही चूक त्यांनी तपासून पाहिली आणि तिच्यात चूक सापडेना. तीन नावं, त्याच क्रमानं, सरकारनंच गावोगाव पोचवलेली. त्यापुढे ‘शिफारस नाही’. ‘केलेली’वर काट त्यांनी स्वतःच्या हातानं मारली होती.

“हे बंद कर,” ते म्हणाले. “आत्ताच्या आत्ता. यातलं कॅफीन दुधातून बाळाच्या पोटात जातं. मोठ्या माणसाच्या अंगातून ते काही तासांत उतरतं, एवढ्याशा बाळाच्या अंगातून उतरायला दिवसच्या दिवस लागतात. तू रोज तीनदा भर घालतेस. तिला दुखत नाहीये काही, तिला कुणी झोपूच देत नाहीये.”

भाग्यश्रीच्या हातातली बाटली खाली पडली. तिनं बाळाला घट्ट धरलं आणि एक शब्द न बोलता रडू लागली. शब्द होते ते कौशल्याबाईंकडे.

“आईनंच इख पाजलं लेकराला! दहावी शिकल्याचा मोठा तोरा. बाटलीवरचं चार शब्दांचं वाचता येईना हिला. अडाणी ते अडाणीच. बद्रीला येऊ दे, सांगते त्याला, कसली बायको केली ते. उद्या लेकराला मीच घेऊन जाते, हिला राहू दे हितं वाचत.”

तिथे एक वाक्य बोलायला हवं होतं. सरांना ते ठाऊक होतं, आणि ते अगदी सोपं होतं, कुठलाही जोडशब्द नसलेलं. पण ते ओठांवर येईना. त्यांनी डॉक्टरांना आजच जाऊन बाटली दाखवा असं सांगितलं, खुर्ची जागेवर ठेवली आणि घरी आले.

नसीमबानू मागोमाग आली. तिनं त्यांच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला.

“ते वाक्य तुमचं होतं ना?”

सरांनी तांब्या तोंडाला लावला.

“मला तीनदा वाचून दाखवलं होतं. मला तेव्हाही कळलं नव्हतं.”

“मग बोलली का नाहीस?”

“तुम्ही विचारलं कुठे?” नसीमबानू म्हणाली. “तुम्ही ऐकवलं.”

सरांनी आनंदला फोन लावला. लेबल आजच्या आज बदलायला हवं, एका बाळाच्या जिवाशी आलं आहे, असं ते एका दमात म्हणाले. नव्या छपाईचा खर्च, कायद्याची भाषा, काय वाट्टेल ती कारणं पुढून येतील अशी त्यांनी तयारी ठेवली होती. पण पलीकडून त्यातलं एकही आलं नाही.

“सर, तुम्हाला एक सांगायचं राहिलं होतं,” आनंद म्हणाला. “तेव्हा मी माझं वाक्य पण मालकांना दाखवलं होतं. ते म्हणाले, टेस्ट करू. त्यांच्या मिसेसनी हळदीकुंकू ठेवलं होतं, तिथं दोन्ही लेबलं लावून बाटल्या वाटल्या. माझं लेबल असलेल्या बाटल्या लेकुरवाळ्या बायकांनी सगळ्या परत ठेवल्या. तुमचं लेबल होतं त्यातली एकही परत आली नाही. दोघींनी तर घरी न्यायला आणखी मागितली. त्याच दिवशी मालकांनी तुम्हाला फोन केला. शुद्ध मराठी म्हणून.”

“आणि तुम्ही काही बोलला नाहीत?”

“बोललो होतो की, सर. तुमच्या घरी.”

लेबल बदलणार नव्हतं, हे सरांना कळलं आणि त्यांनी फोन ठेवला. आयुष्यभर ज्या वाक्यावर ते मनात आकडे मोजत हसले होते, त्या वाक्यानं या वेळी त्यांना सरळ वापरून घेतलं होतं. मालक हरामखोर होता, यात शंका नव्हती. सरांनी त्याला लाखोली वाहिली, मोठ्यानं, एकही व्याकरणाची चूक न करता. पण तेवढ्यानं भागेना. त्या हरामखोराला नेमकं जे हवं होतं ते त्यांनी खुर्चीत मागे रेलून, आनंदची जिल्हा परिषदेची शाळा काढून, आपण होऊन दिलं होतं. स्वतःविषयी एवढा तिटकारा त्यांना कधी वाटला नव्हता, आणि तिटकाऱ्याचा अनुभव तर त्यांना दांडगा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा शेजारी गेले. बद्रीनाथ रजा टाकून घरी होता. डॉक्टरांनी बाटली बघून कपाळावर हात मारला होता आणि सांगितलं होतं की हे बंद करा, चहाही कमी करा, आठवडाभरात बाळ शांत होईल, दूध अजिबात तोडू नका. पण कौशल्याबाईंची पिशवी भरलेलीच होती. अडाणी बाईच्या हाती लेकरू ठेवणार नाही, हा त्यांचा नवा मुद्दा होता. बद्रीनाथ जमिनीकडे बघत होता. भाग्यश्री कोपऱ्यात पाठ करून बाळाला पाजत बसली होती. रात्रीतून तिनं सगळ्या बाटल्या कट्ट्यावरून काढून टाकल्या होत्या.

सर उभेच राहिले. “कौशल्याबाई, हिनं बरोबर वाचलं,” ते म्हणाले. “लिहिणारा चुकला. ते वाक्य मी लिहिलंय.”

कौशल्याबाईंना आधी काही कळलं नाही. बद्रीनाथनं मान वर केली.

“बाटलीवरचं वाक्य माझं आहे. कंपनीनं माझ्याकडून लिहून घेतलं. सोपं लिहा, असं एकजण सांगत होता. मी त्याची अक्कल काढली.”

कौशल्याबाईंनी त्यांना पायापासून डोक्यापर्यंत बघून घेतलं. इस्त्रीचा सदरा, चष्मा, खिशातलं लाल पेन. “एवढं शिकून असं लिव्हलं व्हय?” त्या म्हणाल्या.

“हो,” सर म्हणाले.

कौशल्याबाई आणखी पुष्कळ बोलल्या. शिकलेल्या लोकांबद्दल, पुण्याबद्दल आणि पुण्यातल्या शिकलेल्या लोकांबद्दल. काल सुनेच्या वाट्याला आलेलं सगळं आणि वर आणखी थोडं. सरांनी मधे एकदाही त्यांचं क्रियापद दुरुस्त केलं नाही. बोलून बोलून दम लागल्यावर कौशल्याबाई पिशवीशेजारी खाली बसल्या आणि थोड्या वेळानं त्यातलं एक झबलं काढून त्यांनी परत फळीवर ठेवलं.

सरांनी सोबत पांढरा पुठ्ठा आणि जाड काळा मार्कर आणला होता. बाजारात सोनबाच्या दुकानात झपाट्याचा फ्रिज होता, त्याच्या दारावर लावायला एक, आणि नंतर बाकीच्या टपऱ्यांसाठी. सोनबा नाही म्हणणार होता, ते त्याच्याशी मराठीत भांडणार होते. पुठ्ठा मांडीवर घेऊन ते भाग्यश्रीसमोर सतरंजीवर बसले. इतक्या वर्षांत ते कुणाच्या घरी खाली बसले नव्हते.

“सांग,” ते म्हणाले. “मी लिहितो.”

“मी काय सांगू, सर?”

“तुझ्या गावची, तुझ्याएवढी बाई दुकानात उभी आहे. बाळ कडेवर आहे, हातात बाटली आहे. तिला तू काय म्हणशील?”

भाग्यश्रीनं विचार केला. मग ती बोलली आणि सरांनी लिहून घेतलं, एकही शब्द न बदलता. आनंदनं सांगितलेलंच जवळजवळ, फक्त त्यात पुढे आणखी थोडं होतं. मोठ्या काळ्या अक्षरात पुठ्ठ्यावर उतरलं: ‘बाई, बाळाला अंगावर पाजतीस का? मग हे पिऊ नको. बाळ झोपणार नाही. पोटात बाळ असंल तरी पिऊ नको. लेकरांना देऊ नको.’ ‘असंल’पाशी सरांचा हात क्षणभर अडखळला. मग त्यांनी ते तसंच लिहिलं.

त्यांनी पुठ्ठा उभा करून तिच्यासमोर धरला. “वाच.”

तिनं वाचलं. ओठ न हलवता, एका नजरेत.

“आता अर्थ सांग.”

भाग्यश्रीनं त्यांच्याकडे जरा नवलानं पाहिलं. मांडीवर कल्याणी रडून रडून दमून अर्धवट पेंगली होती, हात अजून मधूनच उडत होते.

“त्याचा काय अर्थ सांगायचा, सर?” ती म्हणाली. “लिहिलंय तेच.”